विचारायचं ते त्यालाच विचारा

वाचकांचे प्रश्न

अपंगत्व आणि आपली बोली या विषयावर बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी आणि भालकीकडून आलेल्या पत्रांतली काही या अंकात घेतली आहेत. पत्रं जागेअभावी छोटी केली असून नावं छापलेली नाहीत.

प्रश्न : आमच्या गणेशोत्सव मंडळानं यंदा गावातल्या चार अपंग व्यक्तींचा सत्कार ठरवलाय. पत्रिकेत शब्द कोणता घालायचा यावरून दोन बैठका झाल्या. कोण म्हणतो दिव्यांग, कोण म्हणतो विशेष व्यक्ती, आणि कन्नड मजकुरात विकलचेतनरु. बरोबर कुठला?
– मंडळाचे चिटणीस, निपाणी

उत्तर : या दोन बैठकांना त्या चौघांपैकी कोणी होतं का? नसेल तर तिसरी बैठक त्यांच्यासोबत घ्या, वाद पाच मिनिटांत मिटेल.

'दिव्यांग' हा शब्द पंतप्रधानांनी डिसेंबर २०१५ मधल्या आकाशवाणीवरच्या भाषणात सुचवला आणि पुढे केंद्राच्या व महाराष्ट्राच्या कागदांवर तोच रुळला. कर्नाटकात खात्याच्या पाटीवर 'विकलचेतनरु' असतं, लोकांच्या तोंडी 'अंगविकलरु'. 'दिव्यांग' काहींना मनापासून आवडतो, काहींना अजिबात चालत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क समितीनंही २०१९ मध्ये भारताला दिलेल्या अभिप्रायात हा शब्द वादग्रस्त असल्याची नोंद केली. विरोध करणाऱ्यांचं म्हणणं आम्हाला पटतं : उणीव दैवी ठरवली की रॅम्प बांधायची जबाबदारी पंचायतीवरून सुटून देवावर जाते. 'विशेष' तर टाळाच, त्यातून कुणालाच काही कळत नाही. साधा 'अपंग व्यक्ती' चालतो. सरकारी अर्जावर मात्र अर्जातलाच शब्द ठेवा, तिथं सुधारणा करत बसू नका.

पत्रिकेत खरं म्हणजे त्या शब्दाची गरजच नसावी. नाव, गाव आणि काम लिहा : अमुक, शिवणकाम, तमुक, दूध डेअरीचे हिशेबनीस. काम लिहायला सुचत नसेल, निव्वळ अपंग आहेत म्हणून शाल-श्रीफळ असेल, तर सत्कार रद्द करा. तो पैसा दुसरीकडं लागेल.

कुठं, तर मंचापाशी. रॅम्पचा उतार १ ला १२ लागतो, म्हणजे १ फूट उंचीला १२ फूट लांबी. तुमचा मंच ३ फुटांचा असेल तर ३६ फूट रॅम्प, रुंदी किमान ४ फूट, दोन्ही कडांना कठडा. मांडववाला १० फुटांची फळी टाकून मोकळा होतो. त्यावर व्हीलचेअर चढवताना ती मागं कलंडते, आणि मग चार कार्यकर्ते माणसाला खुर्चीसकट उचलून वर नेतात. सगळा गाव बघत असतो, खाली टाळ्या पडतात. पत्रिकेवरच्या शब्दानं जेवढा अपमान झाला नसता तेवढा इथं होतो. ३६ फूट जागा नसेल तर सत्कार खाली जमिनीवर घ्या आणि पाहुण्यांनाही मंचावरून खाली बोलवा. निवेदकाला आधीच सांगून ठेवा की 'देवानं एक नेलं पण दुसरं दिलं' हे वाक्य यंदा नको. माइक सत्कारमूर्तीच्या हातात द्या. बोलायचं की नाही ते त्यांचं ते ठरवतील.

प्रश्न : माझा मुलगा २७ वर्षांचा आहे, व्हीलचेअर वापरतो, बी.कॉम. झालाय. बोलणं थोडं जड आहे. कुठल्याही कार्यालयात गेलो की कारकून त्याच्या डोक्यावरून मला विचारतात, 'याला काय होतंय? याला सही येते काय?' कार्ड काढायचं आहे. कन्नड मलाही मोडकंतोडकं येतं, त्याला फारच कमी.
– एक आई, बेळगाव

उत्तर : तुमचं पत्र आम्ही सर्वात जास्त वेळ वाचलं. माणूस समोर असताना त्याच्याबद्दल तिसऱ्याला विचारणं ही वगळण्याची सगळ्यात सवयीची पद्धत आहे. त्यात वाईट शब्द एकही लागत नाही, म्हणून ती कुणाला खटकतही नाही. आपल्या भागात तर कन्नड-मराठीचं निमित्त आयतं मिळतं. दुभाषी म्हणून आई पुढं होते आणि दुभाषी हळूहळू मालक होऊन बसतो.

खिडकीपाशी गेल्यावर फाईल मुलाच्या मांडीवर ठेवा आणि तुम्ही खुर्चीच्या एक पाऊल मागं उभ्या राहा. प्रश्न तुमच्याकडं आला तर उत्तर देऊ नका, मुलाकडं बघा. समोरच्याची नजर तुमच्या नजरेमागून खाली येते. तरीही आली नाही तर कन्नडात दोन शब्द पुरतात : 'अवरन्ने केळी', म्हणजे त्यांनाच विचारा. पुढं लागलंच तर 'निधानवागि मातनाडि', सावकाश बोला. 'बरेदु तोरिसि', लिहून दाखवा. ही वाक्यं मुलानं स्वतः म्हटली तर उत्तमच. बोलणं जड असेल तर समोरच्यानं 'पुन्हा सांगा' म्हणायला हरकत नाही. कळलं नसताना मान डोलावणं आणि मुलाचं वाक्य आपणच पुरं करणं मात्र नको. हे शेवटचं आयांना फार जड जातं, कारण मागं रांग असते.

आता कार्ड. अपंगांच्या वैश्विक ओळखपत्राचा, म्हणजे यूडीआयडीचा अर्ज स्वावलंबन पोर्टलवर भरतात. फोटो, सही किंवा अंगठा, आधार, पत्त्याचा पुरावा आणि जुनं प्रमाणपत्र असेल तर तेही जोडायचं. त्यात तपासणीचं रुग्णालय निवडायचं, पावती छापून घ्यायची आणि कळवतील त्या दिवशी तपासणीला जायचं. अपंगत्वाची टक्केवारी ४० पेक्षा कमी असेल तर पांढरं कार्ड, ४० ते ८० च्या आत पिवळं, ८० आणि वर निळं. बहुतेक सवलती आणि आरक्षण ४० पासून सुरू होतात. खेड्यातल्या वाचकांनी पंचायतीतल्या ग्राम पुनर्वसन कार्यकर्त्याला गाठावं. लोक त्याला व्हीआरडब्ल्यू म्हणतात, अर्ज भरून देणं त्याच्या कामातच येतं.

अर्ज अडकतो तो बहुधा नावावर. ज्ञानेश्वर हे नाव शाळेच्या दाखल्यावर इंग्रजीत डी-एन-वायनं सुरू होतं, आधारवर जी-एननं, आणि कन्नडातून उलटं इंग्रजीत आलं की जे-एननं. मराठी दाखल्यावर आडनाव शेवटी, इकडच्या कागदावर ते पुढं किंवा नुसतं आद्याक्षर. पोर्टलवर आधारवरचं स्पेलिंग अक्षरन् अक्षर तसंच घाला, ते चुकीचं वाटलं तरी. दुरुस्त करायचंच असेल तर आधी आधार, मग कार्ड. दुसरी गोष्ट, मोबाईल नंबर मुलाचा घाला, तुमचा नको. तुमचा घातला की ओटीपी, तपासणीची तारीख, मंजुरी, सगळं तुम्हाला येणार आणि २७ वर्षांचा पदवीधर आपल्याच कामात पुन्हा पाहुणा.

जाता जाता, चंदगड-गडहिंग्लजकडून इकडं सून म्हणून आलेल्यांसाठी : २०१६ च्या अपंग व्यक्ती हक्क कायद्याच्या ५८ व्या कलमानुसार अपंगत्वाचं प्रमाणपत्र देशभर चालतं. महाराष्ट्राचं आहे म्हणून ते कर्नाटकात बाद होत नाही. राज्याच्या योजनेला रहिवासाचा पुरावा वेगळा लागेल, म्हणून कार्डावरचा पत्ता पोर्टलवरून बदलून घ्या. पण टक्केवारीसाठी पुन्हा पहिल्यापासून तपासणी करा म्हणाले तर हे कलम दाखवा.

तक्रार मराठीत देता येते का, असंही तुम्ही विचारलंय. राज्यघटनेच्या ३५० व्या कलमानुसार गाऱ्हाण्याचं निवेदन राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत देता येतं. व्यवहार म्हणून विचाराल तर डावीकडं मराठी, उजवीकडं कन्नड असा एकच कागद करा आणि पोच घ्या. हक्क हक्काच्या जागी, पण वाचलाच गेला नाही तर कागद फाईलमध्ये पडून राहतो.

प्रश्न : 'आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं', 'वासरांत लंगडी गाय शहाणी', या म्हणी आता म्हणायच्याच नाहीत का? मग भाषेत उरणार काय?
– निवृत्त शिक्षक, भालकी

उत्तर : उरेल पुष्कळ, गुरुजी. म्हणी कोशातून खरवडून काढा असं कुणी शहाणा माणूस म्हणणार नाही. पोरं आंधळी कोशिंबीर खेळतात, दरवाज्याला बोट सापडलं की मुका मार लागतो; यात कुणाचं काही जात नाही. अंध माणूस स्वतःच 'काल मॅच बघितली' म्हणतो, तेव्हा त्याच्यासमोर 'बघा' म्हणताना जीभ चावायचं कारण नाही.

आमचा आक्षेप म्हणीपेक्षा तिच्यातल्या लिंगाला आहे. तुमच्या पहिल्या म्हणीत दळणारं माणूस आणि पीठ खाणारं कुत्रं, दोघंही नपुंसकलिंगी. मराठीत लहान मुलाला आपण लाडानं 'पोरगं' म्हणतो, 'बाळ आलं' म्हणतो. अपंग माणसाच्या बाबतीत हे लहानपण संपतच नाही. पंचेचाळिशीतला, दोन मुलांचा बाप असलेला गडी कट्ट्यावर आला की 'ते लंगडं आलं बघ'. त्याच्याच वयाचे सोसायटीचे चेअरमन आले की 'ते आले'. सर्वनाम दोन्हीकडं 'ते'च, फरक क्रियापदाच्या शेवटच्या अक्षरात. कन्नडातही 'अदु बंतु' आणि 'अवरु बंदरु' यांत हाच फरक आहे, त्यामुळं दोन्ही भाषा बोलणाऱ्या गावात माणूस दोनदा लहान होतो.

याचा परिणाम शब्दापुरता राहत नाही. ज्याच्याबद्दल 'ते आलं' म्हणतात त्याला कुणी 'बसा' म्हणत नाही. लग्नाच्या बोलणीत, वाटणीच्या कागदावर, ग्रामसभेत त्याचं मत विचारायचं सुचत नाही, कारण बाळाला कोण मत विचारतं? 'पांगळा मारुती' म्हणून ज्याला सगळा गाव ओळखतो त्याचं आडनाव पोस्टमनखेरीज कुणाला ठाऊक नसतं. वर्गात एक करता येईल. एखाद्या दिवशी मुलांना सांगा, शेजारपाजारच्या बोलण्यात नपुंसकलिंगी क्रियापद कुणाकुणाला लागतं त्याची यादी करा. यादीत कोण निघतात ते पोरांना आपोआप दिसेल.

टाळायच्या म्हणी अशा दोन ठिकाणी : तो माणूस समोर असताना, आणि दोष दाखवायला. दुसऱ्या प्रकाराचं ताजं उदाहरण आपल्या मोर्च्यांतच मिळतं. 'आंधळ्या-बहिऱ्या सरकारचा धिक्कार' असे फलक आपण वर्षानुवर्षं रंगवतोय. अहो, बहिऱ्याला ऐकू येत नाही. प्रशासनाला ऐकू येतं आणि ते ऐकत नाही. फलकावर 'कानाडोळा करणारं प्रशासन' लिहा. तीच शिवी नेमक्या माणसाला बसते.

प्रश्न : मराठी शाळेत तिसरीला एक मुलगी आहे, सगळे तिला मुकी म्हणतात. कानाला मशीन आहे पण ते शिट्टी मारतं म्हणून दप्तरात असतं. पालकांना कुणीतरी सांगितलं की घरी मराठी बोलू नका, एकच भाषा ठेवा. पुढं कन्नड आणि इंग्रजी कसं जमणार?
– शिक्षिका, खानापूर तालुका

उत्तर : ती मुकी नसण्याचीच शक्यता जास्त. बहुतेक कर्णबधिर मुलांचा गळा आणि स्वरयंत्र धड असतं, ऐकू न आल्यामुळं बोलणं घडत नाही. मुकी म्हटलं की मात्र बोलणं शिकवायचं राहून जातं आणि कानाकडं बघायचंही.

शिट्टीचं कारण बहुधा साचा. मूल वाढतं तसा कान वाढतो, कानातला साचा सैल होतो, आवाज बाहेर निसटून पुन्हा माइकमध्ये शिरतो. साचा नवा करून घेतला की शिट्टी थांबते. लहान वयात हे वारंवार करावं लागतं. रोज सकाळी शाळेत आल्यावर मशीन चालू करून मुठीत धरा : शिट्टी आली तर बॅटरी जिवंत आहे, नाही आली तर बॅटरी संपली. हे दहा सेकंदांचं काम आहे. साचा कोमट पाण्यानं धुवायचा, पण मशीनपासून सुटा करूनच.

तिला पहिल्या बाकावर, खिडकीकडं पाठ करून बसवा, म्हणजे उजेड तुमच्या तोंडावर पडेल. फळ्याकडं तोंड करून बोलू नका. ओरडू नका, त्यानं ओठांचा आकार बिघडतो. ओठ वाचून सगळं कळतं ही समजूत सोडा. आरशासमोर आवाज न काढता 'पान', 'भान', 'मान' म्हणून बघा, तिन्ही एकच दिसतात. क, ग, ह तर ओठांवर उमटतच नाहीत. म्हणून वाक्य कळलं नाही तर तेच पुन्हा न म्हणता शब्द बदलून म्हणा, आणि महत्त्वाचा शब्द फळ्यावर लिहा.

घरी मराठी बंद करा हा सल्ला आम्हाला मुळीच मान्य नाही. आई-वडील ज्या भाषेत सहज बोलतात ती बंद केली की घरात उरतात फक्त आज्ञा : ये, जा, खा. मुलीला एक तरी भाषा पुरती मिळाली पाहिजे. मराठीच्या जोडीला भारतीय सांकेतिक भाषा सुरू करा. दिल्लीतल्या राष्ट्रीय संस्थेनं २०२१ पर्यंत १०,००० शब्दांचा कोश चित्रफितींसह केला आहे आणि तो मोबाईलवर बघता येतो. ही भाषा मराठीवरही बेतलेली नाही आणि कन्नडवरही नाही, त्यामुळं सीमाप्रश्न तिला लागू नाही.

आता तीन भाषांचा भार. २०१६ च्या कायद्याच्या १७ व्या कलमात जादा वेळ, लेखनिक आणि दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट या गोष्टी नावानिशी आहेत. सूट आपोआप मिळत नाही. पालकांचा लेखी अर्ज, अपंगत्वाचं प्रमाणपत्र आणि मुख्याध्यापकांचं पत्र एकत्र करून क्षेत्र शिक्षणाधिकाऱ्यांकडं पाठवा. हे दहावीच्या वर्षावर ढकललं की कागद परीक्षेनंतर हातात पडतो. मात्र कन्नडची सूट घेण्याआधी पालकांशी बोला. पुढं राज्य सरकारी नोकरीत कन्नडची परीक्षा आड येते. आमचं मत, जमेल तितकं कन्नड वाचन-लेखन ठेवावं आणि सूट मागायची तर ती आधी तोंडी परीक्षेपुरती मागून बघावी.

प्रश्न : चारचौघांत मुद्दाम 'ए लंगड्या' म्हणून हिणवतात. कायदा काही करतो का?
– वाचक, बेळगाव तालुका

उत्तर : करतो. त्याच कायद्याच्या ९२ व्या कलमात सार्वजनिक ठिकाणी हेतुपुरस्सर अपमान किंवा धाकदपटशा करून खच्ची करण्याला किमान ६ महिने, कमाल ५ वर्षं कैद आणि दंड आहे. पण हेतू सिद्ध करावा लागतो. गावात पडलेलं टोपणनाव आणि मुद्दाम केलेली हेटाळणी यांत न्यायालय फरक करणार.

त्यामुळं घडलं की त्याच दिवशी तारीख, वेळ, जागा, ऐकणारी माणसं आणि नेमके शब्द लिहून ठेवा. ठाण्यात फिर्याद कन्नडात लिहितात आणि तिथंच केस लंगडी पडते. पाहा, आमच्याही हातून आलाच तो शब्द! सांगायचं असं की 'लंगड्या' किंवा 'खुळ्या' याचं कन्नड भाषांतर होऊन कागदावर 'अंगविकल' येतं. तो साधा रूढ शब्द, त्यात अपमान दिसत नाही. म्हणून आरोपीनं उच्चारलेले मराठी शब्द कन्नड लिपीत जसेच्या तसे, अवतरणात घालायला सांगा. सही करण्याआधी फिर्याद मोठ्यानं वाचून घ्या. प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या. नोंदवायला नकार दिला तर मजकूर पोलीस अधीक्षकांना टपालानं पाठवता येतो.

प्रश्न : माझ्या धाकट्या दिराला घरात सगळे 'आमचं खुळं' म्हणतात. प्रेमानंच म्हणतात. तो १९ वर्षांचा आहे, समज कमी आहे. आता बँकेत खातं काढायचंय.
– गृहिणी, चिक्कोडी तालुका

उत्तर : प्रेम असेल, पण तो शब्द घराबाहेर जातो तेव्हा प्रेम घरीच राहतं. आधी एक गोष्ट स्पष्ट करून घ्या. समज कमी असणं म्हणजे बौद्धिक अपंगत्व, ते लहानपणापासून असतं आणि औषधानं जात नाही. मानसिक आजार वेगळा, तो मध्येच उद्भवतो आणि त्यावर उपचार आहेत. आपल्याकडं दोन्हींना खुळं म्हणतात, म्हणून एकाला विनाकारण गोळ्या चालू राहतात आणि दुसऱ्याला मिळत नाहीत. मानसिक त्रासासाठी १४४१६ हा टेलिमानसचा मोफत क्रमांक आहे, तिथं भाषा निवडता येते.

दीर १८ च्या पुढं आहे, त्यामुळं कायद्यानं तो सज्ञान आहे. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली पालकत्वासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडं अर्ज करता येतो. पण खातं काढायचंय एवढ्यासाठी लगेच तिकडं धावू नका. आधी बँकेत त्याला घेऊन जा, तो समजून सही करू शकतो का बघा. एका वेळी एकच वाक्य सांगा आणि निदान दहा सेकंद थांबा. 'समजलं का?' विचारू नका, त्याला 'हो' म्हणायची सवय लागलेली असते. 'आता काय करायचं ते मला दाखव' म्हणा. पैसे काढायची चिठ्ठी घरी चार-पाच वेळा भरायला लावा.

प्रश्न : मराठी ब्रेल शिकलेल्या मुलाला कन्नड ब्रेल पहिल्यापासून शिकावं लागेल का?
– पालक, खानापूर

उत्तर : नाही. १९५१ पासून भारतीय भाषांना एकच भारती ब्रेल आहे. सहा टिंबांतला 'क' मराठीत १ आणि ३ या टिंबांचा, कन्नडातही तोच. 'ळ'सुद्धा दोन्हीकडं सारखाच. नवीन शिकायचे ते मराठीत नसलेले ऱ्हस्व ए आणि ओ. बाकी अडचण कन्नड शब्दांची, लिपीची नाही.